रात्री बर्फ गोठला का? मार्च-एप्रिलच्या स्की टूरवर हिमस्खलनाचा अंदाज घेण्याची माझी पद्धत

एप्रिलमध्ये नागपुरात पारा बेचाळीसवर गेला की आमच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतात, भाऊ मनालीला बर्फ आहे का अजून, स्कीइंग करायला येऊ का. बर्फ आहे, भरपूर आहे, आणि वर स्की टूरिंगसाठी, म्हणजे स्की लावूनच डोंगर चढून मग उतरायला, वर्षातला सगळ्यात सुंदर काळ हाच आहे. पण हा बर्फ जानेवारीचा नाही, तो सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच होतो, नी लोक नेमके इथेच फसतात. म्हणून मी दरवर्षी तोंडी सांगतो ते सगळं एकदाचं लिहून काढून राहिलो. हे वाचून कोणी एक्सपर्ट होत नाही, आधी मनाली किंवा गुलमर्गच्या सरकारी संस्थेत स्की कोर्स करा, ॲव्हलान्चचं, म्हणजे हिमस्खलनाचं, वेगळं ट्रेनिंग घ्या, आणि पहिली काही वर्षं लोकल गाईडशिवाय जाऊ नका.

माझ्यापुरता हा विषय सुरू झाला एका वाक्यापासून. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं मनालीजवळ हामटाच्या बाजूला तंबू लावून होतो. पहाटे साडेतीनला गाईड तंबूबाहेर उभा राहून शांतपणे म्हणाला, "आज रात को जमा नहीं." म्हणजे रात्री बर्फ गोठला नाही. आम्हाला त्याचा अर्थ नीट कळलाच नाही. दोन दिवसांनी परतीची गाडी होती, वरचा स्लोप डोळ्यासमोर होता, आम्ही गाईडच्या मागे लागलो आणि निघालो. पावणेनऊच्या सुमारास आमच्यातला एक जण वळण घेताना त्याच्या स्कीखालचा ओला बर्फ सुटला, हळूच, माणूस पळतो साधारण त्या वेगानं, पण थांबेचना. साठेक मीटर खाली नेऊन त्याला कमरेपर्यंत पुरलं. डोकं वर होतं म्हणून निभावलं. पण नुसते पाय मोकळे करायला तिघांना वीस मिनिटांच्या वर लागली, कारण थांबल्याबरोबर तो बर्फ सिमेंटसारखा बसला होता. गुडघा गेला त्याचा, पुढचं वर्षभर स्की नाही. तेव्हापासून मी बाकी काही विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, रात्री बर्फ गोठला का.

गोठणं म्हणजे नेमकं काय, आणि नागपूरकराला हे लवकर का कळतं

थंडीतला धोका कसा असतो ते आधी पाहू. कोरड्या साबुदाण्याचा थर ताटात पसरला, त्यावर पाट ठेवला आणि ताट तिरकं केलं, तर पाट अख्खाच्या अख्खा सरकेल. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाचं हेच होतं, खाली साखरेसारखा सुटा दाणा, वर घट्ट स्लॅब, आणि माणसाचं वजन पडलं की स्लॅब तुटून निघतो. वसंतात यात पाण्याची भर पडते. दिवसा ऊन लागतं, वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली झिरपतं, दाण्यादाण्यातले सांधे सुटतात. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की ती कशी बसते, तसं. आणि पाणी झिरपता झिरपता एखाद्या कडक थरावर अडलं तर तिथे साचतं, मग त्याच्या वरचा सगळाच बर्फ घसरायला तयार.

रात्री हेच पाणी गोठतं आणि दाणे पुन्हा एकमेकांना धरतात. दिवसा वितळणं, रात्री गोठणं, असं बरेच दिवस चाललं की बर्फाचा जाड, गोल, बाजरीएवढा दाणा बनतो, याला कॉर्न स्नो म्हणतात. सकाळी कडक कवच, मग ऊन लागल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर लोण्यासारखे. यावर स्की करण्याचं सुख शब्दात सांगता येत नाही, आणि नीट गोठलेला असताना हा बर्फ बऱ्यापैकी सुरक्षितही असतो. म्हणजे तुमचा सगळा दिवस आदल्या रात्रीवर अवलंबून.

आता लोकांची चूक अशी होते की ते फक्त हवेचं टेंपरेचर बघतात. ॲपवर रात्रीचं किमान अधिक 2 दिसलं की म्हणतात गोठणार नाही, उणे 1 दिसलं की म्हणतात गोठणारच. तसं नाही होत. बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशात फेकतो. गच्चीवर झोपणाऱ्याला हे शिकवायला नको, थंडीत निरभ्र रात्री गच्चीवरची गादी आणि खाली उभ्या गाडीचा टप दवानं ओला होतो, पण त्याच गाडीचा शेडखालचा भाग कोरडा राहतो. उघड्या आकाशाखालची वस्तू हवेपेक्षाही थंड होते. अठराव्या शतकात अलाहाबादला याच तत्त्वावर, हवा शून्याच्या वर असताना, पेंढ्यावर उथळ मातीची भांडी ठेवून थंडीतल्या निरभ्र रात्री बर्फ बनवत असत. म्हणजे आकाश मोकळं असेल तर हवा अधिक 2-3 असतानाही बर्फ वरून चांगला गोठू शकतो. आणि ढग आले की ते पांघरुणासारखे बसतात, उष्णता परत खाली येते, हवा शून्याला असली तरी बर्फ आतून ओलाच राहतो.

दुसरी गोष्ट दमटपणाची. आपला कूलर मे महिन्यात खोली थंड करतो नी जुलैत नुसती चिकचिक करतो, का? मेमध्ये हवा कोरडी असते, पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. बर्फाचंही तेच, कोरड्या हवेत तो स्वतःला थंड करत राहतो, दमट हवेत उलट हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि त्याला ऊब देते. म्हणून मी अंदाज बघताना तीन गोष्टी एकत्र बघतो, ढग, दमटपणा किंवा दवबिंदू, आणि मग टेंपरेचर. निरभ्र, कोरडी, शांत रात्र असेल तर उत्तम. ढगाळ आणि दमट असेल तर वर जायचा विचारही नको.

नागपुरातून निघायच्या आधी

तयारी आठ-दहा दिवस आधी सुरू होते. रोज तिथला हवामानाचा अंदाज वहीत लिहायचा, ताजा बर्फ कधी आणि किती पडला, त्यानंतर ऊन किती दिवस होतं, सलग किती रात्री निरभ्र गेल्या. मार्च-एप्रिलमध्ये वेस्टर्न डिस्टर्बन्स येतात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी ती हवेची गडबड जिच्यामुळे आपल्याकडेही कधी कधी अवकाळी गारपीट होऊन संत्र्याचा बहार झडतो. तीच गडबड हिमालयात एका दिवसात फूट-दोन फूट बर्फ टाकून जाते. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडमध्ये माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे 54 मजूर हिमस्खलनात सापडले होते, 8 जण गेले, तेव्हाही आधी जोराची बर्फवृष्टी चालू होती.

हिमस्खलनाचं बुलेटिन डीजीआरई काढतं. ही डीआरडीओची संस्था, मुख्यालय चंदीगडला, आधी सासे नावानं ओळखली जायची. धोक्याची पातळी एक ते पाच अशी असते. तीन आली की नवख्यांना वाटतं तीन म्हणजे मधलं, पन्नास टक्के, चालून जाईल. चालत नाही. प्रत्येक पायरीला धोका दुपटीहून जास्त वाढतो असं धरा, आणि तीनच्या दिवशी 30 अंशाच्या वरचा स्लोप माझ्या यादीतून सरळ बाद. हेही लक्षात ठेवा की हे बुलेटिन मोठ्या भागासाठी, मुख्यतः रस्ते आणि लष्कराच्या हालचालींसाठी असतं, तुमच्या नाल्याबद्दल, म्हणजे तुम्ही जाणार त्या घळीबद्दल, ते काहीच सांगत नाही. वसंतात तर सकाळची पातळी एक आणि दुपारची तीन असंही होतं.

कुठे जाणार त्यानेही फरक पडतो. पीर पंजाल डोंगररांगेच्या मनालीकडच्या बाजूला, सोलंग, हामटा, गुलाबा इथे बर्फ जाड पडतो आणि तुलनेनं उबदार असतो, त्यामुळे तो लवकर कॉर्न बनतो. अटल टनेलच्या पलीकडे लाहौलमध्ये बर्फ कमी, हवा थंड नी कोरडी. पातळ बर्फ आणि कडाक्याची थंडी म्हणजे तळाला तो साबुदाणा तयार. 9 किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर 2020 ला सुरू झाल्यापासून सकाळी निघून सिस्सू-कोकसरला जाणं सोपं झालं, लोक दोन्ही बाजूंना एकच हिशोब लावतात, आणि तो चुकतो. लाहौलमध्ये मौसमातली पहिली मोठी गरमी आली आणि पाणी पहिल्यांदा त्या तळाच्या थरापर्यंत पोचलं, की ते तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. अख्खा स्नोपॅक, म्हणजे साचलेला सगळा बर्फ, जमिनीपर्यंत निघू शकतो. त्या दिवसांत मी तिकडे जात नाही, कितीही छान ऊन असलं तरी.

प्रॅक्टिससाठी बर्फ लागतोच असं नाही. ट्रान्सीव्हर, म्हणजे पुरलेला माणूस सापडावा म्हणून अंगावर बांधायचं सिग्नल देणारं-घेणारं यंत्र, ते शोधायचा सराव कुठल्याही मोकळ्या मैदानात होतो, आम्ही रविवारी सकाळी करतो, एक जण डब्यात घालून गवतात लपवतो नी बाकीचे घड्याळ लावून शोधतात. खणायचा सराव कन्हानच्या रेतीत. ओली रेती खणताना फावड्याला जे वजन लागतं ते वसंतातल्या ढिगाऱ्याच्या जवळपास जातं, अगदी तसं नाही पण कंबर किती लवकर भरते ते कळतं. ट्रान्सीव्हर, प्रोब (पुरलेला माणूस शोधायला बर्फात खुपसायची लांब सळई) आणि मेटलचं फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, ग्रुपमध्ये मिळून एक नाही. आणि सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही, बाहेरून कोणी आणला तरी सोबत घेऊ नका. म्हणजे वर नेटवर्क नसताना मदत तुम्हीच एकमेकांची, हे धरूनच रूट ठरवायचा.

आदल्या दिवशी दुपारी, कॅम्पवरून

ही पायरी बहुतेक जण झोपेत घालवतात. खरं तर दुपारी दोन ते चार डोंगर स्वतः सगळं दाखवत असतो, तुम्ही सुरक्षित जागी बसून दुर्बीण लावायची फक्त. कोणत्या उतारावर ताजे ओघळ दिसतात, ते कुठून सुटलेत, खडकाच्या बुडाशी की मोकळ्या मैदानात. एका बिंदूतून सुटून खाली पंख्यासारखे पसरलेले असतील तर ते ओले सुटे हिमस्खलन. वर आडवी सरळ रेघ, भिंतीसारखी तुटलेली दिसली तर तो स्लॅब, ते जास्त गंभीर. बर्फात आडव्या भेगा उघडून खालचं गवत नी माती दिसत असेल, तर तिथला बर्फ जमिनीवरून सरकून राहिला, तो कधी सुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, अशा भेगांच्या खाली ना थांबायचं ना जेवायचं.

रंगही बघा. थरच्या वाळवंटातली धूळ वादळासोबत इथवर येते आणि बर्फ तांबूस-मळकट होतो. पांढरा ताजा बर्फ ऊन बहुतेक परत फेकतो, मळलेला बर्फ ते पिऊन टाकतो, त्यामुळे त्याच उंचीवर, त्याच दिशेला, धुळीचा स्लोप आधीच सुटायला लागतो.

तिथल्या लोकांशी बोला. मेंढपाळ, ढाबेवाले, रस्त्यावरचे मजूर, सगळ्यांना माहीत असतं कोणत्या नाल्यातून हिमस्खलन कधी येतं. फक्त त्यांचे शब्द समजून घ्या, "ग्लेशियर आया" म्हणाले तर त्यांना हिमनदी नाही, हिमस्खलन म्हणायचं असतं. मला पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं.

झोपायच्या आधी मी एक छोटी गोष्ट करतो. तंबूपासून दूर, मोकळ्या आकाशाखाली मॅटच्या तुकड्यावर स्टीलची उथळ ताटली ठेवतो आणि तिच्यात बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढं पाणी. पहाटे ते गोठलं असेल तर रात्रीनं काम केलं. हे शास्त्रीय उपकरण नाही, पण झोपेतून उठल्यावर डोकं चालत नसतं तेव्हा ताटलीत बर्फ आहे की पाणी याच्यावर वाद घालता येत नाही.

पहाटे तीनला

बाहेर या, हेडलॅम्प बंद करा, वर बघा. चांदण्या स्वच्छ दिसतात का, आणि रात्रभर दिसत होत्या का? मध्यरात्री ढग येऊन तीनला गेले असतील तर गोठायला वेळ मिळालेला नाही, म्हणून रात्री जो कोणी लघवीला उठेल त्यानं आकाश बघून सकाळी सांगायचं हा आमचा नियमच आहे.

मग बर्फ तपासा. काठी उलटी करून मुठीनं ठोका, कडक ठणठण आवाज आला पाहिजे. फावड्यानं कवचाचा तुकडा काढून जाडी बघा. दोन-तीन सेंटिमीटरचं कवच आणि त्याखाली ओला गाळ असेल तर ते फसवं आहे, सकाळी सहाला तुम्हाला धरेल आणि साडेआठला तुम्ही गुडघाभर आत. दहा सेंटिमीटर किंवा जास्त आणि खालीही घट्ट असेल तर चांगला दिवस. शेवटी स्की न घालता, नुसत्या बुटानं उभं राहून दोन-तीन उड्या मारा. उजाडायच्या आधीच बूट घोट्यापर्यंत आत जात असेल तर चहा करा आणि परत झोपा. हे मी मनापासून सांगतो, त्या दिवशी वर काहीच मिळवण्यासारखं नाही.

उंचीचा हिशोबही जमतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. तिथे रात्रीचं किमान 6 असेल तर शून्याची रेघ तीन हजार मीटरच्या जवळ पडते. दरीत थंड हवा साचते त्यामुळे हा आकडा इकडेतिकडे होतो, पण तुमचा स्लोप 3,800 वर आणि परतीची वाट 2,700 वर असेल तर वर पक्कं गोठलेलं आणि खाली गाळ अशी स्थिती असणार, आणि परतीचा नाला पार करायचा आहे हे विसरू नका.

घड्याळ

परदेशी लेखांत दिलेल्या वेळा इथे लावू नका. आल्प्स 46 अंश उत्तरेला, मनाली 32 ला. एप्रिलच्या मध्यावर मनालीत दुपारचा सूर्य क्षितिजापासून 67 अंशांच्या वर चढतो, आल्प्समध्ये 53-54 पर्यंतच. आपल्याकडे ऊन जवळजवळ डोक्यावरून येतं, त्यामुळे बर्फ लवकर मऊ होतो आणि ज्या उत्तरेकडच्या उताराला तिकडे सावली म्हणून जपतात त्यालाही इथे एप्रिलमध्ये बरंच ऊन मिळतं. जमेची बाजू इतकीच की मनाली आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरीच पश्चिमेला असल्यामुळे सूर्य घड्याळाच्या वीसेक मिनिटं मागे चालतो, खरी दुपार बारा वाजून वीसला होते.

पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, मग आग्नेय नी दक्षिण, मग पश्चिम, शेवटी उत्तर. माझा दिवस साधारण असा असतो, चारला निघायचं, पूर्व उतारावरून उतरायचं असेल तर आठच्या आसपास माथ्यावर, आणि साडेदहाला काहीही झालं तरी सगळ्या मोठ्या उतारांच्या खालून बाहेर. वाऱ्याचा दिवस असेल तर वारा पृष्ठभाग थंड ठेवतो, थोडा वेळ मिळतो. उकाड्याचा, दमट, वारा पडलेला दिवस असेल तर एक तास आधी. पश्चिम उतार दहा-अकराला मस्त असतो खरा, पण तिथून घरी जायची वाट पूर्व उताराखालून असेल तर तो रूटच चुकीचा. माथा गाठला की नाही यावर परत फिरायची वेळ ठरत नाही, ती आदल्या रात्री ठरवून प्रत्येकाच्या घड्याळात अलार्म लावायचा. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर भर दिवसा, दुपारच्या सुमारास हिमस्खलन आलं, 7 पर्यटक गेले, ते तर स्कीवर पण नव्हते.

चढताना काय बघत जायचं

उताराचा कोन हा पहिला. बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांत सुटतात, घरचा चढा जिना 30-35 चा असतो तेवढं. खूप ओला बर्फ त्याहून कमी कोनावरही निघतो. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं पण थंडीत बॅटरी जाते, म्हणून काठ्यांची पद्धत शिका. एक काठी उतारापासून बाहेर आडवी धरा, क्षितिजाला समांतर, एक टोक बर्फाला टेकलेलं. तिच्या बाहेरच्या टोकापासून दुसरी तेवढ्याच लांबीची काठी सरळ खाली सोडा. दुसरी अर्ध्या लांबीवरच बर्फाला लागली तर कोन 27 च्या आसपास, अर्ध्याच्या थोडं पुढे लागली तर 30, पूर्ण लांबी लागली तर 45. स्वतःच्या उताराचाच नाही, वर काय लटकतंय त्याचाही कोन बघा. तुम्ही 20 अंशावर निवांत असता आणि वरचा चाळीसचा पट्टा उन्हात तापत असतो.

दुसरं, बर्फाचा ओलावा. ग्लव्हजमध्ये मूठभर घ्या नी दाबा. गोळाच होत नाही, कोरडा. गोळा होतो पण हात ओला होत नाही, दमट. दाबल्यावर पाणी चमकतं, ओला. दाबल्यावर बोटांमधून पाणी गळतं, सरबताच्या गोळ्यासारखं, म्हणजे वेळ संपली. हे दर अर्ध्या तासानं करायचं, एकदा करून भागत नाही.

तिसरं, उतारावरून आपोआप घरंगळणारे लाडू. खडकाजवळून छोटे गोळे सुटतात, घरंगळत घरंगळत चकलीसारखे गुंडाळले जातात. एक-दोन लाडू म्हणजे ऊन लागायला सुरुवात झाली. मोठे झाले, फुटबॉलएवढे, किंवा सगळीकडून यायला लागले की त्या बाजूचा दिवस संपला. स्कीखाली वळणाच्या वेळी वरचा थर पंख्यासारखा घसरायला लागला, स्की घोट्याच्या वर बुडायला लागली, हीपण तीच खूण. आणि कानही उघडे ठेवा, पायाखालून "वूम्फ" असा दबका आवाज आला तर खालचा थर बसला, तिथून लगेच कमी उताराकडे.

माथ्यावरच्या धारेवर वाऱ्यानं तयार झालेले बर्फाचे छज्जे असतात, कॉर्निस. दुपारच्या उन्हात ते तुटतात आणि खालचा अख्खा स्लोप घेऊन येतात. वरून चालताना ते दिसतात त्यापेक्षा बरेच मागून तुटतात, म्हणून धारेच्या काठावर फोटोसाठी जाणाऱ्याला मी हाताला धरून मागे ओढतो, राग आला तरी चालेल.

नाले. आपल्याकडे नाला म्हणजे पावसाळ्यातला ओढा, तिथे नाला म्हणजे सगळ्या बाजूंचा बर्फ ज्या एका घळीत येऊन पडतो ती घळ. छोटं हिमस्खलनही तिथे माणसाला दोन-तीन मीटर खोल पुरतं. वर आणखी एक धोका, बर्फाखाली पाणी वाहत असतं आणि वरचा पूल वसंतात रोज पातळ होतो. खालून पाण्याचा आवाज येत असेल, मध्येच खड्डा पडलेला दिसला, तर पहाटेच, गोठलेला असताना, एकेकानं पार करायचं, नाही तर वळसा.

पिट, म्हणजे बर्फाचे थर बघायला खड्डा, खणायचा का? ताज्या बर्फानंतर हो, नक्की. सावलीत, आपण जाणार त्याच दिशेच्या आणि उंचीच्या उतारावर, पण सुरक्षित कोपऱ्यात. भिंत साफ करून थरांवरून बोटं फिरवा, मूठ जाते, चार बोटं जातात, एक बोट, पेन्सिल की फक्त चाकू, यावरून कडकपणा कळतो. मऊ थरावर कडक थर ही काळजीची जोडी. मग 30 बाय 30 सेंटिमीटरचा खांब कापून वर फावडं ठेवा नी ठोका, दहा वेळा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. पहिल्या दहा-बारा ठोक्यांत सपाट, गुळगुळीत सरकून आला तर परत. पसरण्याचा अंदाज हवा तर 90 सेंटिमीटर रुंद खांब कापून एका टोकावर ठोकायचं, भेग सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावली तर तो उतार विसरा. पण ओल्या बर्फात या चाचणीवर भरवसा ठेवू नका, सकाळी सातचा निकाल दहाला खोटा ठरतो. तिथे पिटचा उपयोग एवढाच की पाणी किती खोल गेलंय ते दिसतं. थर्मामीटर वरपासून खालपर्यंत शून्य दाखवत असेल आणि आतला बर्फ गचगचीत असेल तर फक्त रात्रीच्या कवचानं सगळं धरून ठेवलंय.

एप्रिलमध्ये ताजा बर्फ पडला तर एक-दोन दिवस पुन्हा जानेवारीचे नियम, स्लॅबचे. आणि त्यातच पहिलं ऊन निघालं तर त्याच सकाळी तो जुन्या गुळगुळीत कवचावरून सुटतो. वादळानंतरची पहिली निळी सकाळ फोटोत सगळ्यात छान दिसते, मी त्या दिवशी कॅम्पवर बसून बघतो.

उतरताना आणि काही झालंच तर

एकावेळी एकच जण उतारावर, बाकीचे बाजूच्या सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे बघत. थांबायचं ते धारेवर किंवा मोठ्या खडकाआड, उताराच्या बुडाशी घोळका करून नाही. ओल्या दिवशी आपणच सुटा बर्फ सोडतो, म्हणून दर दोन-तीन वळणांनंतर बाजूला सरकून मागचा ओघळ पुढे जाऊ द्या.

कोणी पुरला गेला तर वेळ फार कमी असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेल्यांपैकी बहुतेक, दहात नऊच्या आसपास, जगतात, त्यानंतर आकडा झपाट्यानं खाली येतो. शेवटचा कुठे दिसला ते डोळ्यांनी पक्कं करा, वरून आणखी येणार नाही ना ते बघा, सगळ्यांनी ट्रान्सीव्हर सर्चवर टाका, फोन बंद करा किंवा अर्धा मीटर तरी लांब ठेवा. शेवटचे तीन मीटर ट्रान्सीव्हर बर्फाला टेकवून सावकाश, मग प्रोब उताराला काटकोनात, पंचवीस सेंटिमीटरच्या अंतरानं गोल गोल. लागला की प्रोब तिथेच राहू द्या आणि थेट वरून खणू नका, खोलीच्या दीडपट अंतर खालच्या बाजूला जाऊन आत खणत जा, एक जण कापेल, मागचे बर्फ मागे ओढतील, मिनिटा-मिनिटानं जागा बदला. वसंतातला ढिगारा किती जड असतो ते वर सांगितलंच. नेटवर्क असेल आणि माणसं पुरेशी असतील तर एकानं 112 लावायचा, पण खणणारे हात कमी करून नाही.

खाली आलात, अकरा वाजले, चहा झाला की वही काढा. किती वाजता कोणत्या दिशेचा बर्फ मऊ झाला, कवच किती होतं, ताटलीत काय होतं, पहिला लाडू कधी घरंगळला. माझ्या वहीत आता बऱ्याच एप्रिलच्या अशा नोंदी आहेत आणि उद्याचा निर्णय घेताना कुठल्याही ॲपपेक्षा मला त्याच जास्त कामी येतात.

नागपुरात परतल्यावर दोन कामं त्याच दिवशी करा. ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा, आपल्या मे महिन्यात कपाटातल्या कपाटात त्या गळतात नी कॉन्टॅक्ट खराब होतात. आणि स्किन्स, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, आधी नीट वाळवा, मग गोंदाच्या बाजूला जाळी लावून, पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर ठेवल्या तर पंचेचाळीस डिग्रीत गोंद पाघळतो आणि पुढच्या वर्षी पहाटे चारला, उणे पाचमध्ये, तो स्कीला चिकटणार नाही.